राजाचा लोभ आणि कारकुनाची लेखणी

इंग्लंडच्या राज्यघटनेचा इतिहास आमच्याकडील कॉलेजांतून शिकविला जाऊं लागला त्यास शंभरांहून अधिक वर्षें लोटलीं; परंतु त्या इतिहासाच्या मध्ययुगीन भागाविषयीं जी समजूत पहिल्या पिढीच्या पदवीधरांनीं गुरुमुखांतून घेतली, तीच आज त्यांच्या पणतवंडांच्या उत्तरपत्रिकांत जशीच्या तशी वाचावयास मिळते. जॉन नांवाचा एक दुष्ट राजा होता. त्याच्या जुलमास कंटाळून त्याचे सरदार उठले. १५ जून १२१५ रोजीं थेम्स नदीच्या कांठीं रनीमीड येथील कुरणांत त्यांनीं त्याच्याकडून 'मॅग्ना कार्टा' ही महासनद लिहून घेतली. आणि त्या दिवसापासून इंग्रज प्रजा स्वतंत्र झाली! ही कथा ऐकावयास गोड आहे, पाठ करावयास सोपी आहे, आणि परीक्षेंत तिला गुणहि चांगले पडतात. आम्हीं स्वतः ती वर्गांत कित्येक वर्षें सांगितली व तिच्यावर गुण दिले; तेव्हां पुढें जी टीका आम्ही करणार आहों तिचा पहिला वांटा आपल्याच पदरीं घ्यावयास आम्ही तयार आहों.

अलीकडे मात्र या कथेचा वीट येऊन दुसऱ्या टोंकास गेलेला एक पक्ष सुशिक्षितांत बळावत चालला आहे, आणि प्रस्तुत लेख मुख्यतः त्याच्यासाठीं आहे. हा पक्ष म्हणतो कीं, सरदार स्वार्थी होते, सनद त्यांच्या वतनांची होती, आणि इंग्लंड घडविलें तें खंबीर राजांनीं. विजेता विल्यम, दुसरा हेन्री, पहिला एडवर्ड यांचीं नांवें घेऊन ही मंडळी असा उपदेश काढतात कीं, राष्ट्र घडावयाचें तर एक करारी पुरुष पाहिजे, त्याच्या हातीं दंड पाहिजे, आणि नियमांचीं व सल्लामसलतींचीं लचांडें त्याच्या पायांत नसावींत. व्याख्यानांतून, गप्पांतून, आणि आमच्या प्राध्यापकांच्या खोलींत चहा घेतांनाहि हें आम्ही हल्लीं इतक्या वेळां ऐकतों कीं, त्याचें उत्तर इतिहासानेंच देणें प्राप्त आहे.

या पक्षाचें अर्धें म्हणणें खरें आहे, हीच त्याच्याशीं वाद घालण्यांतील अडचण. मध्ययुगीन इंग्लंडांतील कोर्टें, करवसुली, दफ्तर हीं राजांनीं उभीं केलीं, सरदारांनीं नव्हेत. ही गोष्ट १८९५ सालीं पोलॉक व मेटलंड यांचा इंग्लिश कायद्याचा इतिहास प्रसिद्ध झाल्यापासून कोणीहि जाणता मनुष्य नाकारीत नाहीं. पण राजांनीं तीं कशासाठीं उभीं केलीं, आणि उभीं राहिल्यावर तीं कोणाचीं झालीं, हे दोन प्रश्न हा पक्ष विचारीत नाहीं. आमचें उत्तर असें कीं, तीं पैशासाठीं उभीं राहिलीं. पैसा नियमितपणें यावा म्हणून तीं ठराविक नमुन्यांत बसविलीं गेलीं. नमुना टिकावा म्हणून तो लिहून ठेवला गेला. आणि एकदां लिहिला गेल्यावर तो लिहविणाऱ्या राजाच्याच गळ्यांत पडला. राजाच्या करारीपणानें हें झालें नाहीं. राजा जितका करारी, तितका तो हा नमुना मोडावयास निघे, आणि तितकें राज्यावर संकट येई.

नॉर्मंडीच्या विल्यमनें १०६६ सालीं इंग्लंड जिंकलें तेव्हां त्यास ओसाड रान मिळालें नव्हतें. परगण्यांची वांटणी, परगण्यांचे शेरीफ, जमिनीवरील कर, चांदीचें खणखणीत नाणें आणि मोहोर लावलेलें त्रोटक आज्ञापत्र हें सर्व सॅक्सन राजांनीं तयार ठेविलें होतें. विल्यमनें १०८५ च्या नाताळांत ग्लॉस्टर येथें दरबार भरवून सर्व देशाच्या पाहणीचा हुकूम काढला, व पुढील वर्षीं ती पाहणी झाली. कोणत्या गांवांत नांगर किती, पाणचक्क्या किती, कुळें किती, आणि मुख्य म्हणजे ती जमीन एडवर्ड राजाच्या वेळीं कोणाकडे होती व आतां कोणाकडे आहे, हें गांवोगांवच्या लोकांस शपथेवर विचारून लिहून घेतलें. लोकांनीं या दफ्तरास 'डूम्सडे' म्हणजे जगाच्या अखेरच्या निवाड्याचा दिवस हें नांव दिलें. कारण त्या निवाड्याप्रमाणेंच याच्यावरहि पुढें दाद नव्हती. विल्यमला हवा होता तो पैसा आणि सरदारांवर वचक. पुढें तीनशें वर्षांनीं हेंच दफ्तर कोणाच्या उपयोगीं पडलें तें लेखाच्या शेवटीं सांगूं.

त्याचा धाकटा मुलगा पहिला हेन्री याच्या वेळीं हिशेबाचें खातें स्थिर झालें. ११३० सालचे त्याचे हिशेब अद्याप लंडनला जपून ठेवलेले आहेत. वर्षांतून दोनदां, ईस्टरला व मायकलमासला, परगण्यांचे शेरीफ एका मोठ्या मेजापुढें हजर होत. मेज दहा फूट लांब व पांच फूट रुंद. त्यावर रेघा काढलेलें काळें कापड. त्या रेघांमध्यें मोहरा मांडून पौंड, शिलिंग, पेन्स यांची बेरीज-वजाबाकी सर्वांच्या देखत होई. बुद्धिबळाच्या पटासारखें हें दिसे, म्हणून त्या खात्यास 'एक्स्चेकर' हें नांव पडलें. ही हकीकत रिचर्ड फिट्झनील या तेथील खजिनदारानें ११७७ च्या सुमारास लिहावयास घेतलेल्या एका संवादरूप ग्रंथांत दिली आहे, आणि जमाखर्चासारख्या रुक्ष विषयावर इतकें जिवंत पुस्तक आमच्या पाहण्यांत दुसरें नाहीं. भरणा झाला कीं लाकडी काठीवर खांचा पाडीत: हजार पौंडांस तळहाताच्या जाडीएवढी खांच, शंभरांस आंगठ्याएवढी, विसांस करंगळीएवढी, एका पौंडास जवाच्या टपोऱ्या दाण्याएवढी. मग काठी उभी चिरून एक भाग भरणा करणाऱ्यास देत व एक खजिन्यांत ठेवीत. शेरीफ खोटें बोलला तर दोन भाग जुळत नसत. पण खजिन्याचा मनुष्य खोटें बोलला तरीहि ते जुळत नसत! राजानें ही युक्ति शेरीफांस पकडण्यासाठीं काढली. परंतु ज्या पावतीचा निम्मा भाग दुसऱ्याच्या घरीं आहे तिनें राजाचाहि हात धरला जातो, हें त्याच्या ध्यानांत आलें असो वा नसो. (या काठ्यांचा वापर पुढें इतकीं शतकें चालला कीं, १८३४ सालीं साठलेल्या जुन्या काठ्या जाळतांना पार्लमेंटचें घरच जळून गेलें. दफ्तर जाळूं पाहणारांनीं ध्यानांत ठेवावें.)

दुसरा हेन्री हा या पक्षाचा खरा नायक. तो ११५४ सालीं एकविसाव्या वर्षीं गादीवर आला. दणकट, तापट, क्षणभर एका जागीं न बसणारा, फ्रेंच बोलणारा हा राजा. त्याच्या पस्तीस वर्षांच्या कारकीर्दीचा निम्म्याहून अधिक काळ फ्रान्समधील मुलखांत गेला. त्याच्या रागाच्या उद्गारांवरून चार शिलेदारांनीं ११७० च्या डिसेंबरांत कँटरबरीच्या आर्चबिशप बेकेटचा भर देवळांत खून केला. न्यायप्रेमानें झपाटलेला राजर्षि म्हणून त्याचें जें चित्र रंगवितात तें या माणसाशीं जुळत नाहीं. त्यास शेरीफांकडून पुरता पैसा हवा होता, सरदारांच्या खासगी कोर्टांतील वाद आपल्या कोर्टांत ओढावयाचे होते, आणि स्टीफनच्या कारकीर्दींतील यादवींत ज्यानें त्यानें जें बळकावलें होतें त्याची विल्हेवाट आपल्या हातीं ठेवावयाची होती.

त्याच्या अनेक युक्त्यांपैकीं एक सविस्तर सांगण्याजोगी आहे. एखाद्याचें शेत दांडग्या शेजाऱ्यानें बळकावलें तर पूर्वीं त्यानें सरदाराच्या कोर्टांत वर्षानुवर्षें खेटे घालावे, आणि अखेर द्वंद्वयुद्धावर निकाल लागावा. सरदार स्वतःच बळकावणारा असला तर विचारावयासच नको. हेन्रीच्या कायदेपंडितांनीं ११६६ च्या सुमारास 'नव्या बेदखली'चा दावा काढला. वादीनें राजाच्या दफ्तरांतून थोडें शुल्क भरून एक रिट, म्हणजे राजाचें आज्ञापत्र, घ्यावें. छापखाना निघावयास अजून तीनशें वर्षें होतीं. पण हें आज्ञापत्र छापील नमुन्यासारखें ठराविक असे, फक्त नांवगांव बदलावयाचें. तें हातीं पडतांच शेरीफानें बारा स्वतंत्र व अब्रूदार इसम बोलवावे. त्यांनीं जमीन डोळ्यांनीं पाहावी. आणि राजाचा न्यायाधीश फिरतीवर आला म्हणजे एवढ्याच प्रश्नाचें उत्तर द्यावें कीं, राजा शेवटचा नॉर्मंडीस गेला त्यानंतर प्रतिवादीनें वादीस त्याच्या मुक्त जमिनींतून अन्यायानें व निवाड्यावांचून हुसकावलें कीं नाहीं. खरा मालक कोण, हा प्रश्नच नाहीं. त्याचा वाद नंतर निराळा करा. प्रतिवादी आला नाहीं तरी काम अडत नसे. ११७६ सालीं अठरा न्यायाधीशांच्या सहा टोळ्या करून सर्व देश त्यांस वांटून दिला, आणि ११७९ सालीं मालकीच्या वादांतहि द्वंद्वयुद्धाऐवजीं बारा शिलेदारांचा कौल मागण्याची सोय झाली.

दाव्याची मुदत राजाच्या समुद्र ओलांडण्यावरून मोजावयाची, यांत राजाचा अहंकार दिसतो. हरणारावर दंड बसे तो राजाच्या थैलींत जाई, यांत त्याचा लोभ दिसतो. पण 'निवाड्यावांचून' हा शब्द पाहा. निवाड्यावांचून कोणासहि जमिनींतून काढूं नये, हा नियम हेन्रीनें सरदारांसाठीं केला, स्वतःसाठीं नव्हे. स्वतः तो आणि त्याचे मुलगे ज्याच्यावर मर्जी खप्पा होई त्याची वतनें खुशाल जप्त करीत. तथापि वर्षामागून वर्षें शेंकडों लोक एकाच शब्दांनीं एकच दाद मागूं लागले म्हणजे तो शब्द देशाच्या मनांत मुरतो. मग जो नियम राजा शेजाऱ्याच्या बाबतींत आम्हांस लावतो, तो राजानें आमच्या बाबतींत स्वतःस कां लावूं नये, हा प्रश्न कोणीतरी विचारणारच. तो विचारावयास चाळीस-पन्नास वर्षें लागलीं इतकेंच.

खंबीर राजाशिवाय राज्य चालत नाहीं असें म्हणणारांस आम्ही हेन्रीच्या पश्चात् गादीवर आलेल्या रिचर्डकडे पाहावयास सांगतों. त्यानें दहा वर्षें राज्य केलें व त्यांतील सारे मिळून सुमारें सहा महिने इंग्लंडांत काढले. बाकीचा काळ धर्मयुद्धांत, जर्मनीच्या कैदेंत व फ्रान्समधील लढायांत गेला. त्यास सोडविण्यासाठीं दीड लक्ष मार्कांची खंडणी ठरली, आणि तिचा भार प्रजेवर पडला. आतां या पक्षाच्या सिद्धांताप्रमाणें राज्य बुडावयास हवें होतें! भाऊ जॉन कारस्थानें करीतच होता. तरीहि याच वर्षांत आर्चबिशप ह्यूबर्ट वॉल्टर या कारभाऱ्याच्या हाताखालीं दफ्तराची जेवढी वाढ झाली तेवढी क्वचितच कधीं झाली असेल. ११९४ सालीं प्रत्येक परगण्यांत संशयित मृत्यूंची नोंद ठेवणारे कॉरोनर नेमले गेले. ११९५ सालीं असें ठरलें कीं, जमिनीच्या तडजोडीची एक तिसरी प्रत सरकारी खजिन्यांत राहावी, म्हणजे दोन्ही पक्षांनीं आपापल्या प्रती खोट्या केल्या तरी तिसरी बोलेल. राजा नव्हता, कारकून होते. आणि न्यायालयें भरत होतीं. इंग्लिश कायद्याची 'स्मरणातीत' कालमर्यादा पुढें याच रिचर्डच्या राज्यारोहणापासून, म्हणजे ३ सप्टेंबर ११८९ पासून धरली गेली. जो राजा सांपडतच नसे त्याच्या नांवानें कायद्याची स्मृति सुरू व्हावी, हा योगायोग आम्हांस फार आवडतो.

उलट जॉन पाहा. आळशी, नादान, भित्रा म्हणून त्याची जी कीर्ति आहे ती बरीचशी अन्यायाची आहे. हा राजा सतत देशांत फिरे, स्वतः कज्जे ऐके, हिशेबांतील बारीकसारीक रकमा जाणे. त्याच्या राज्यारोहणापासून राजाच्या सनदा व पत्रें यांच्या नकला चॅन्सरीच्या दफ्तरांत पद्धतशीर उतरलेल्या सांपडतात. खंबीरपणाच्या भक्तांस जो पुरुष हवा आहे तो हाच! सर्व सूत्रें हातीं, कोणाचा विश्वास नाहीं, नियमांची पर्वा नाहीं. १२०४ सालीं नॉर्मंडी हातची गेली. ती परत घेण्यासाठीं पैसा हवा. तेव्हां बापानें उभारलेलें यंत्र त्यानें लोकांची मान पिळण्यास लाविलें. निकोलस स्टटव्हिल याच्याकडून वारसाहक्काचा नजराणा दहा हजार मार्क मागितला. जॉफ्री मँडव्हिल यास राजाच्या टाकलेल्या बायकोशीं लग्न करण्याबद्दल वीस हजार मार्कांचें देणें लाविलें. विल्यम ब्रीओझ मर्जींतून उतरला तेव्हां त्याची बायको व मुलगा १२१० सालीं कैदेंत उपाशीं मेलीं. ह्यू नेव्हिल नांवाच्या अधिकाऱ्याच्या बायकोनें नवऱ्यापाशीं एक रात्र राहण्याच्या परवानगीदाखल राजास दोनशें कोंबड्या देऊं केल्याची नोंद दफ्तरांत आहे. ती थट्टा होती कीं आणखी कांहीं, यावर पंडितांत अजून वाद आहे, पण थट्टा असली तरी ती कोणत्या जातीची हें सांगावयास पंडित नको. १२०९ पासून त्यानें वेस्टमिन्स्टरचें कायमचें न्यायासन कांहीं वर्षें बंदच ठेविलें. न्याय हवा असेल त्यानें राजाच्या छावणीमागें धांवावें.

म्हणून सरदारांनीं १२१५ सालीं काय मागितलें तें नीट वाचावें. राजाचीं कोर्टें मोडा असें त्यांनीं म्हटलें नाहीं. सामान्य कज्ज्यांचें न्यायासन राजामागें न फिरतां ठराविक जागीं असावें, नव्या बेदखलीसारख्या दाव्यांसाठीं दोन न्यायाधीश वर्षांतून चारदां प्रत्येक परगण्यांत यावेत, मोठ्या सरदाराच्या वारसाचा नजराणा शंभर पौंडांवर जाऊं नये, न्याय विकूं नये, नाकारूं नये, लांबवूं नये, आणि स्वतंत्र मनुष्यास निवाड्यावांचून पकडूं वा लुबाडूं नये, अशीं हीं मागणीं आहेत. हेन्रीनें त्यांस पन्नास वर्षें जी चटक लाविली तीच त्यांनीं हक्क म्हणून मागितली. बंडखोरांनीं राजाच्या बापाचें यंत्र राजाच्या हातून वांचविलें, असें म्हटलें तर तें उत्तरपत्रिकेंतील वाक्यापेक्षां सत्यास अधिक जवळ जाईल.

आणि ती सनद तरी किती दिवस टिकली? पोप तिसरा इनोसंट यानें २४ ऑगस्टला ती रद्द ठरविली, यादवी पेटली, पुढच्या वर्षीं ऑक्टोबरांत जॉन मेला व नऊ वर्षांचा हेन्री गादीवर बसला. पालकांनीं सनद पुन्हां काढली तेव्हां संमतीवांचून ढालपट्टी न घेण्याचें कलम, ज्याच्यावर आमचे विद्यार्थी पानेंच्या पानें लिहितात, तें त्यांतून गळलें होतें. राजावर पंचवीस सरदारांची देखरेख ठेवणारें कलमहि गेलें. जी प्रत पुढें कायदा म्हणून चालली ती १२२५ ची, आणि तीहि प्रजेनें जंगम मालमत्तेचा पंधरावा हिस्सा कर म्हणून दिल्यावर मिळालेली. ज्या सनदेंत न्याय विकणार नाहीं असें वचन आहे, ती सनदच अशी रोख मोल देऊन घ्यावी लागली.

यावर थट्टेखोर म्हणतील, मग ही सारी भोंदूगिरीच झाली! एडवर्ड जेंक्सनें १९०४ सालींच महासनद ही दंतकथा आहे असें लिहून ठेविलें आहे. आम्हांस हें पटत नाहीं. सरदारांचा हेतु स्वार्थी होता हें कबूल. पण त्यांनीं 'आम्हां अमुक सरदारांस' असें न लिहितां 'कोणत्याहि स्वतंत्र मनुष्यास' असें लिहिलें, आणि प्रती परगण्यांत पाठवून लोकांस वाचून दाखविल्या. हेतु लिहिणाराबरोबर मरतो. शब्द मागें राहतो. १३५४ च्या कायद्यानें तोच शब्द कोणत्याहि दर्जाच्या मनुष्यास लागू केला, आणि १६२८ सालीं कोकनें तोच स्टुअर्ट राजाच्या तोंडावर फेंकला. कोकचा इतिहास चुकीचा होता, हें आज शाळकरी पोरहि सांगेल. पण त्याच्या हातांतील कागद खोटा नव्हता.

पहिल्या एडवर्डविषयीं थोडक्यांत सांगतों, कारण त्याच्या कायद्यांची यादी कोणत्याहि पाठ्यपुस्तकांत आहे. त्यास 'इंग्लिश जस्टिनियन' म्हणतात. त्यानें १२७४-७५ सालीं देशभर चौकशी करून कोणत्या सरदारानें राजाचे कोणते अधिकार बळकावले तें लिहवून घेतलें आणि १२७८ पासून प्रत्येकास 'क्वो वॉरंटो', म्हणजे 'कोणत्या अधिकारानें?' असा सवाल टाकला. वॉरेन सरदारानें गंजलेली तरवार दाखवून हीच माझी सनद असें सांगितल्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. ती बहुधा दंतकथा. अखेर १२९० सालीं राजास नमतें घ्यावें लागलें: रिचर्डच्या राज्यारोहणापासून अखंड वहिवाट दाखवील त्याचा अधिकार कायम. पुढें १२९७ सालीं लढायांच्या पायीं वाटेल तसे कर बसवितांच सरदार व व्यापारी उठले, आणि या जस्टिनियनला आजोबांचीच सनद पुन्हां मान्य करून सर्वांच्या संमतीवांचून असे कर घेणार नाहीं असें लिहून द्यावें लागलें.

हा सवाल आम्हांस परका नाहीं. इंग्लिश कायद्याबरोबर तो मुंबईच्या बंदरांत उतरला, आणि १९५० च्या आमच्या राज्यघटनेच्या ३२ व्या व २२६ व्या कलमांत 'क्वो वॉरंटो' हें नांव जसेंच्या तसें आहे; फरक एवढाच कीं, एडवर्ड तो प्रजेस विचारीत होता आणि आमचा नागरिक तो अधिकारपदावर बसलेल्यास विचारतो. त्याच कलमांतील 'हेबिअस कॉर्पस' हें रिट मुळांत मनुष्यास सोडविण्यासाठीं नव्हतें, त्यास पकडून कोर्टापुढें उभें करण्यासाठीं होतें! ज्यूरी मात्र आमच्याकडे टिकली नाहीं. मुंबईच्या १९५९ च्या नानावटी खटल्यानंतर तिची पत गेली व १९७३ च्या फौजदारी संहितेंत तिला जागा उरली नाहीं. रिटें राहिलीं. राजाचीं हत्यारें मूठ उलटून धरावयास इंग्रजांस चार-पांच शतकें लागलीं. आम्हांस तीं उलटलेलींच मिळालीं, म्हणून तीं कोणीतरी थोर राजानें आपण होऊन प्रजेच्या हातीं दिलीं असें आम्हांस वाटतें.

येथवर आम्हीं लेखणीचें गुणगान केलें. तिचें दुसरें अंग लपविणें लबाडी होईल. दफ्तरांत नांव असणें आणि हक्क असणें या दोन गोष्टी आहेत. इंग्लंडांतील यहुद्यांचे कर्जरोखे ११९४ पासून सरकारी पेट्यांत नोंदून ठेवले जात. त्यांच्यासाठीं निराळें हिशेबखातें होतें. इतकें चोख दफ्तर दुसऱ्या कोणत्याहि समाजाचें नव्हतें, कारण ते राजाची मत्ता मानले जात आणि हवें तेव्हां किती पिळावयाचें हें कळण्यासाठींच तें होतें. पुरतें पिळून झाल्यावर एडवर्डनें १२९० सालीं सगळ्यांस देशाबाहेर घालविलें, आणि पार्लमेंटनें त्यास सुमारें एक लक्ष सोळा हजार पौंडांचा कर खुशीनें मंजूर केला. खंबीर राजा आणि प्रतिनिधिसभा यांचें इतकें एकमत त्या शतकांत क्वचितच झालें असेल. दोन्ही पक्षांच्या विद्वानांनीं हें पान वगळूं नये.

आणि शेतकरी? नव्या बेदखलीचा दावा 'मुक्त' जमिनीपुरता होता. महासनद 'स्वतंत्र' मनुष्यापुरती होती. आणि खेड्यांतील पुष्कळ लोक तर वेठीनें बांधलेले. १३४८ च्या महामारीनंतर मजूर मिळेनासे झाले तेव्हां १३५१ च्या कायद्यानें मजुरी जुन्याच दरांत बांधून टाकली. तरी या लोकांनाहि कागदाची किंमत कळली होती. १३७७ सालीं दक्षिणेकडील अनेक गांवांनीं वर्गण्या काढून वेस्टमिन्स्टरहून डूम्सडे दफ्तराच्या नकला मिळविल्या. आमचें गांव पूर्वीं राजाच्या खालशाचें होतें, म्हणून ही वेठ आम्हांवर नाहीं, असें त्यांचें म्हणणें. तीनशें वर्षांपूर्वीं विल्यमनें ज्यांस मोजून ठेविलें त्यांच्या वंशजांनीं तीच मोजणी पुरावा म्हणून पुढें केली! दावा फेटाळला गेला, पार्लमेंटांत आरडाओरड झाली, आणि चार वर्षांनीं १३८१ सालीं जें बंड उठलें त्यांत शेतकऱ्यांनीं जमीनदारांचीं दफ्तरें शोधून शोधून जाळलीं. ज्या कागदानें आपणांस दाद दिली नाहीं तो राखावा तरी कशास?

१४ जून रोजीं माइल एंड येथें चौदा वर्षांचा दुसरा रिचर्ड त्यांस सामोरा गेला, आणि कारकून बसवून गांवोगांवच्या लोकांस मुक्ततेच्या सनदा लिहून दिल्या. लोक त्या घेऊन घरोघर गेले. २ जुलैला राजानें त्या सर्व रद्द केल्या. पुढें हाच मुलगा मोठा होऊन आमच्या मित्रांस आवडावा असा करारी निघाला. त्याच्या पदच्युतीच्या वेळीं १३९९ सालीं त्याच्यावर तेहतीस आरोप ठेवण्यांत आले. त्यांतील एक असा कीं, देशाचे कायदे आपल्या तोंडांत किंवा आपल्या छातींत आहेत असें तो म्हणत असे. ते आरोप पार्लमेंटच्या दफ्तरांत कारकुनानें ओळीनें उतरून ठेवले आहेत.